कुलपातली साखर

लग्न होऊन मी उल्हासनगरला आले तेव्हा सासूबाईंच्या फळीवर साखरेचे चार डबे होते. एकात वेलचीची सालं पुरलेली, दुसऱ्यात मलमलीच्या पुरचुंडीत लवंगा, तिसऱ्यात दालचिनीचे तुकडे आणि चौथ्यात किसलेलं जायफळ. चहाला वेलचीची, शिऱ्याला जायफळाची, नानकटाईला लवंगेची. दालचिनीची साखर थंडीत पोळीवर तुपाबरोबर भुरभुरायची. या डब्यातली साखर त्या डब्यात गेली की त्यांना आतल्या खोलीतून कळायचं.

माझं माहेर बदलापूरचं, शिरगावातलं. आमच्याकडे साखर म्हणजे साखर, तीही चहापुरती. सण असला की गूळ. त्यामुळे पहिले काही दिवस मला हे खूळच वाटलं. सासूबाई म्हणायच्या, "साखर येडी असते गं. ज्याच्या शेजारी बसवशील त्याचा वास उचलते. कांद्याजवळ ठेवलीस तर कांद्याचा उचलेल." वेलची कुटून झाली की सालं फेकायला निघालेला माझा हात त्या धरायच्या. दाणे एकदाच वास देतात, सालं महिनाभर पुरतात, असं त्यांचं म्हणणं.

आमचं घर लष्कराच्या जुन्या बराकीत होतं. लांबलचक छप्पर एकच, खाली भिंती घालून खोल्या पाडलेल्या, आणि त्या भिंती छपरापर्यंत पोचतच नव्हत्या. पलीकडे एक सिंधी बाई राहायची, वयानं सासूबाईंएवढी. सगळे तिला दादी म्हणायचे. आमच्याकडे नानकटाई भाजायला घेतली की भिंतीवरून तिचा आवाज यायचा, "बहू, आज लौंगवाली है क्या?" तिच्याकडून मिठो लोलो यायचा, गोड जाडसर पोळी, तुपानं निथळणारी. ओव्हन कुणाकडेच नव्हता. सासूबाई जुन्या कुकरमध्ये वाळू घालायच्या, शिट्टी आणि रिंग काढून टाकायच्या, आत ताटलीवर नानकटाया मांडायच्या आणि स्टोव्ह बारीक करून समोर बसून राहायच्या. घड्याळाकडे बघत नसत. वासावरून उतरवायच्या.

तेव्हा मी नोकरी करत होते; मुलगी लहान होती, ती सासूबाईंजवळ असायची. टायपिंगची परीक्षा झाली होती आणि अंबरनाथला एका छोट्या कंपनीच्या ऑफिसात चलनं टाइप करायचं काम मिळालं होतं. सकाळी रिक्षानं जायचे, संध्याकाळी यायचे. सासूबाई डब्यात पोळीचा रोल द्यायच्या, आत दालचिनीची साखर. ऑफिसातल्या बायका डबा उघडायची वाट बघायच्या.

मग सासूबाईंच्या पायाला चप्पल लागली. एवढीशी जखम, पण ती भरेना. हळद झाली, मलम झालं. शेवटी दवाखान्यात नेलं तर रक्तात साखर केवढी वाढलेली. उजव्या पायाचं बोट काढावं लागलं. डॉक्टरांनी माझ्या मिस्टरांना बाजूला घेऊन सांगितलं की गोड बंद म्हणजे बंद, नाहीतर उद्या पाय जाईल.

मिस्टर अंबरनाथच्या एमआयडीसीत कामाला होते. पुढच्या शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, ते एक लोखंडी कपाट घेऊन आले. चारही डबे, गूळ, मुलीची बिस्किटं, सगळं आत ठेवलं, कुलूप लावलं आणि किल्ली माझ्या हातात दिली.

"माझ्याकडे का?" मी विचारलं.

"मग कुणाकडे? मी दिवसभर बाहेर. तू घरात असशील ना."

"मी कुठे घरात असते?"

काही दिवसांसाठी रजा घे, आईला जरा सावरू दे, मग बघू, असं ते नंतर म्हणाले. रजेची बिनपगारी रजा झाली आणि मग माझ्या जागी दुसरी मुलगी बसल्याचं कळलं. भांडण झालं नाही. कुणी मला नोकरी सोड असं म्हटलंच नाही, त्यामुळे भांडायला समोर कुणी नव्हतंच.

किल्ली मी मंगळसूत्रात अडकवली. झोपतानाही ती गळ्यात असायची, कूस बदलली की टोचायची.

त्यानंतरची वर्षं सांगायला फारसं काही नाही, आणि तेच सांगण्यासारखं आहे. नळाला पाणी यायचं तेवढा वेळ मी बाहेर. रॉकेलच्या रांगेत उभी राहिले की डोकं घरात. भाजी दारावरच घ्यायची. माहेरी गेले तर सकाळी जाऊन दुपारी परत, आणि बदलापूर ते उल्हासनगर असं अंतर तरी किती, पण आई म्हणायची की तू येतेस आणि पदर खोचूनच बसतेस.

सासूबाई मागायच्या. सुरुवातीला हसत, "चिमूटभर दे गं, जिभेवर ठेवते." मग रागानं. मग एकदा हात जोडून. त्या बाईनं नवरा गेल्यावर एकटीनं मुलगा वाढवला होता, बराकीत कुणाच्या घरी काही अडलं तर पहिली हाक त्यांना जायची, आणि त्या माझ्यासमोर हात जोडून उभ्या होत्या. मी नाही म्हटलं. रात्री मिस्टरांना सांगितलं तर ते म्हणाले, "बरोबर केलंस." मला शाबासकी नको होती.

आणि तरी घरात गोड बनत होतंच. मुलीला नानकटाई हवी असायची, मिस्टरांना चहाबरोबर काहीतरी लागायचं. मीही थांबवलं नाही, कारण दिवसभरात माझ्या हातून होणारं तेवढंच एक काम असं होतं की ते करताना मी कुणाची राखण करत नव्हते. मी बडीशेपेची साखर करून बघितली, थोडी भाजून, साखरेबरोबर वाटून. रव्याच्या केकमध्ये ती छान लागली. पण वास कुठे कोंडणार? सासूबाई खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडायच्या.

एका शुक्रवारी मिस्टरांच्या कंपनीतल्या लोकांनी बायकामुलांसकट बारवी धरणावर सहल काढली. मी आदल्या दिवशी डबाभर लवंगेच्या नानकटाया भाजल्या. मुलगी नवा फ्रॉक घालून टेम्पोत बसली, मिस्टर बसले, डबा बसला. मी दारात. निघताना मिस्टर म्हणाले, "पुढच्या वेळी तू जा." ते मनापासून म्हणत होते. त्यांच्याकडे बघून मला तेच जास्त लागलं.

दार लावून आत आले तर सासूबाई उठून बसल्या होत्या.

"तू का नाही गेलीस?"

"तुमच्याजवळ कुणी नको का?"

"बाहेरून कडी घालायचीस. मी काय पळून जाणार होते, या पायानं?"

मी भांडी घासायला घेतली. थोड्या वेळानं त्या म्हणाल्या, "तुला माझा राग येतो का गं?"

मी तांब्यानं पाणी ओतून कढई विसळली. मग म्हटलं, "येतो."

"येऊ दे. मलापण तुझा येतो. किल्ली दिसली की येतो." आणि हसल्या. पुष्कळ दिवसांनी हसल्या. मग म्हणाल्या, "कपाट उघड. खात नाही. मला नुसता वास दे."

मी हात पुसले आणि किती तरी वेळ तशीच उभी राहिले. शेवटी उघडलं. डबे एकेक करून त्यांच्या मांडीवर ठेवले, झाकण काढलं, पण माझा हात डब्याच्या कडेवर. त्यांनी डोळे मिटून नाक आत घातलं. वेलचीला मान हलवली. दालचिनीशी बराच वेळ थांबल्या. लवंगेचा डबा उचलला आणि कपाळाला आठ्या घातल्या. "ओल लागलीय याला. खडे झाले असतील. उन्हात घाल जरा." बघितलं तर तळाला खरंच खडे होते.

बडीशेपेचा डबा त्यांनी ओळखला नाही. "हे काय?"

"मी केलंय."

त्यांनी पुन्हा वास घेतला. "बडीशेप जास्त भाजलीस. पण बरं आहे."

तेव्हापासून दुपारी आमचा हाच कार्यक्रम. दार लोटून घ्यायचं, कपाट उघडायचं, डबे त्यांच्यापुढे ठेवायचे. त्या वास घ्यायच्या आणि सांगायच्या की याची सालं बदल, त्यात अजून एक जायफळ घाल. मी कुकर चढवला की खाटेवरून हुकूम सुटायचे, "आता बारीक कर. थांब. थांब. हं, उतरव." एकदाही करपलं नाही. मिस्टरांना आम्ही यातलं काही सांगितलं नाही. पलीकडून दादी विचारायची, "क्या चल रहा है सास-बहू का?"

मला वाटायला लागलं होतं की आता निभलं.

पावसाळ्याच्या शेवटी एकदा रॉकेल आल्याचं कळलं म्हणून मी डबा घेऊन गेले. रांग मोठी होती. परत आले तर दार उघडंच, कपाटाची कडी वाकवलेली, खाली खलबत्त्यातला बत्ता पडलेला. सासूबाई जमिनीवर बसल्या होत्या. मांडीत दालचिनीचा डबा. हनुवटीवर, लुगड्यावर, बोटांच्या पेरांवर साखर. त्यांनी माझ्याकडे बघितलं पण हात थांबला नाही. मी डबा ओढला तर त्यांनी तो घट्ट धरला. एवढी ताकद त्यांच्यात असेल असं मला वाटलं नव्हतं. मग एकदम सोडून दिला आणि म्हणाल्या, "वासानं पोट भरत नाही, पोरी."

दुसऱ्या दिवशी सकाळी उठवलं तर त्या उठेनात. दवाखान्यात सलाईन लावलं. दोन दिवस त्या कुणाला ओळखत नव्हत्या. तिथल्या व्हरांड्यात, लोक बघत असताना, मिस्टर मला म्हणाले, "एक काम दिलं होतं तुला. लक्ष कुठे होतं तुझं?"

मी म्हटलं, "रॉकेलच्या रांगेत."

त्यांनी मान खाली घातली, पण घरी आल्यावर चारही डबे आणि माझा पाचवा उचलून दादीकडे देऊन टाकले. घरात साखरच नको. कपाट रिकामं झालं, किल्ली गळ्यातून निघाली, आणि मी मात्र तिथेच राहिले. राखायलाही काही नव्हतं आता. सासूबाई परत आल्या त्या अर्ध्या होऊन. एका डोळ्यानं जवळजवळ दिसेना. सगळ्यांनी बिनसाखरेचा चहा प्यायचा असं ठरलं. मुलगी आपला चहा मोरीत ओतून टाकायची.

थोड्याच दिवसांनी भिंतीवरून वास यायला लागला. दादी आमच्या साखरेचे लोले करत होती. सासूबाईंनी मान उचलली. मला वाटलं, आता रडतील. त्या म्हणाल्या, "तुपात घाई केली तिनं. वेलची करपली."

मी भिंतीवरून ओरडून तसं सांगितलं. मग दादी आमच्या दारात, हातात उलथनं. "तो आके बना ना तू! अम्मा को भी ला."

सासूबाई गेल्या नाहीत. त्यांना चालवत नव्हतं आणि साखरेजवळ जाणार नाही असा मुलाला दिलेला शब्द मोडायचा नव्हता. पण मला म्हणाल्या, "तू जा. मी इथून सांगते." मग दुपारी मी दादीच्या खोलीत कुकर चढवायचे, आणि भिंतीच्या अलीकडून, आमच्या अंधाऱ्या खोलीतून, त्यांचा बारीक आवाज यायचा, "हं. उतरव आता." मी घराबाहेर असायचे आणि नसायचेही. दादीच्या घराला मागच्या बाजूला खिडकी होती. नानकटाई होईपर्यंत मी तिथे उभी राहून रस्ता बघायचे.

असं दीडेक वर्ष गेलं असेल. मग सासूबाईंच्या किडन्या गेल्या, आणि एका सकाळी त्या. शेवटी त्यांना कशाचाच वास येत नव्हता. मी वेलचीची सालं नाकाशी धरली तर म्हणाल्या, "काय आहे हे, कागद?"

तेराव्यानंतर मिस्टर एक किलो साखर घेऊन आले आणि ओट्यावर ठेवून म्हणाले, "आता तू मोकळी आहेस. तुला वाटलं तर नोकरी बघ." एवढी वर्षं हे वाक्य मी मनातल्या मनात त्यांच्या तोंडी घातलं होतं. ऐकलं तेव्हा मला काहीच वाटलं नाही. भाजी निवडत होते, ती निवडत राहिले.

अंबरनाथच्या त्या जुन्या ऑफिसात जाऊन आले. तिथे आता कॉम्प्युटर आला होता. एक मुलगी खुर्चीवरून न उठता म्हणाली की टायपिंगवाल्या नकोत. परत येताना स्टेशनच्या रस्त्यावर एका बेकरीच्या दारावर पाटी दिसली, बाई पाहिजे. आत गेले. मालक म्हणाला, "पॅकिंगला पाहिजे. बाकी काय येतं?"

"नानकटाई येते."

"ती तर सबको आती है, ताई."

दुसऱ्या दिवशी मी डबा नेला. जायफळाच्या साखरेची केली होती, कितीतरी वर्षांनी कुणीही "उतरव" न सांगता, आणि दोनचार करपल्या होत्या. त्या घरी ठेवल्या. मालकानं एक खाल्ली, मग दुसरी, मग कारागिराला बोलावून त्याला दिली. "सोमवारपासून या," म्हणाला.

भट्टीच्या खोलीला खिडकी नव्हती. उन्हाळ्यात जीव नकोसा व्हायचा. पण कामाची पाळी संपली की मी बाहेर पडायचे, आणि घरी पोचायला उशीर झाला तरी मुलगी आता मोठी होती, मिस्टर काही विचारत नसत. सुरुवातीचे कितीतरी महिने मी तरीही धावतच घरी यायचे. दार उघडायचे, आतली शांतता ऐकायचे, आणि चप्पल न काढता तशीच उंबऱ्यावर बसून राहायचे.