पुसलेले बापू

देवासच्या एका शाळेत चित्रकला शिकवणारी देवश्री सुट्ट्यांत कॅमेरा घेऊन गावोगाव फिरायची. तिच्या घरात आजोबांच्या काळापासून नळ होता, आणि अशाच एका फेरीत भेटलेली डही गावाकडची दुर्गा अजून टेकडी उतरून झऱ्याचं पाणी भरत होती. हे लोकांना नुसतं सांगून भागणार नाही, त्यांना तिथे नेऊन उभंच करायला हवं, असं देवश्रीने मनावर घेतलं. एकदम चहूकडचं टिपणारा कॅमेरा तिने दुर्गाच्या वाटेवर लावला. ते चित्रण बघायचा जाडजूड चष्मा डोळ्यांवर चढवला, की बघणारा थेट त्या चढावर, दुर्गाच्या मागे.

पण चित्रणात एक अडचण निघाली. झोपडीपुढे खाटेवर दुर्गाचे सासरे, बापू, बसलेले. सून हंडे घेऊन आली की ते काहीतरी चिडवायचे, ती हसायची, आणि ते कॅमेऱ्याकडे बघून हात हलवायचे. बघणाऱ्याला जे दुःख भिडायला हवं, ते तिथे येऊन विरायचं. संगणकाचं काम बघणारा मित्र अंबरीश म्हणालासुद्धा, बुढ्ढ्याला राहू दे, छान दिसतोय. देवश्रीने ऐकलं नाही. बापूंना तिने खाटेसकट पुसलं, दुर्गाचं हसू कापलं. काम इतकं सफाईदार झालं की तिला अभिमानच वाटला.

प्रदर्शनाला आलेले लोक चष्मा काढून डोळे टिपत गेले. शेवटच्या दिवशी, देवश्रीच्या आग्रहाखातर, दुर्गा बस बदलत देवासला आली. बापू थंडीत वारले, असं तिने आल्या आल्या सांगितलं. मग चष्मा चढवून ती जागच्या जागी वळत राहिली, पुन्हा पुन्हा एकाच बाजूला.

"दीदी, बापू नहीं दिखे?"

"कैमरा उस तरफ नहीं था," देवश्री बोलून गेली.

दुर्गाने चष्मा उतरवून तिच्या हातात दिला. हा कॅमेरा सगळीकडे बघतो, हे डहीत देवश्रीनेच तिला कौतुकाने समजावलं होतं.

मूळ चित्रण संगणकावर जागा करण्यासाठी केव्हाच काढून टाकलेलं. अंबरीश म्हणाला, एखादा फोटो आण, बापूंना परत बसवून देतो. क्षणभर देवश्रीला मोह झाला, आणि त्या मोहाचीच शरम वाटली. वेगळ्या यंत्रावर टिपलेला बापूंचा आवाज तेवढा उरला होता. तो फोनमध्ये घालून ती डहीला गेली आणि दुर्गाला सगळं खरं सांगितलं.

दुर्गा आवाज ऐकत बसली. बापू तिला सांगत होते, हळू चल, पाणी काय पळून जातंय. मग ती देवश्रीकडे न बघताच म्हणाली, "हमारा दुख कम पड़ रहा था क्या, दीदी?"

दुर्गाने आवाज पुन्हा लावायला सांगितला.

पुढे भोपाळहून तेच काम प्रदर्शनात मांडायचं बोलावणं आलं. देवश्रीने नकार कळवला. तांत्रिक अडचण आहे, एवढंच लिहिलं; खरं लिहायला तिची बोटं धजली नाहीत.