चिंचेने घासलेले हात

सुंदरक्काची शिकवणी म्हणजे केळफुलं निवडणं. पूर्ण नाव त्रिपुरसुंदरी, शाळा पाचवीपर्यंत, पुस्तकं मात्र आठ. दर गुरुवारी दुपारी कुंभकोणमच्या तिच्या ओट्यावर नव्याने लिहिणारी तीन-चार पोरं जमत. समोर केळफुलांचा ढीग आणि तो निवडायला शेजारच्या बायका. पोरांनी गोष्ट वाचायची, बायकांनी प्रत्येक फुलातली न शिजणारी ताठ काडी काढत ऐकायचं. वाचता वाचता बायकांचे हात थांबले, तर गोष्ट उभी राहिली. नाही थांबले, तर निदान भाजी झाली.

जननीची गोष्ट पहिल्यांदा वाचली, तेव्हा हात थांबले होते. तिची पणजी स्टेशनजवळच्या खानावळीत सांबार ढवळायची. घरी परतताना हिंगाचा वास जावा म्हणून कोपरापर्यंत चिंचेने हात घासायची. आपली माणसं तंजावरच्या मराठी दरबारची, बाई खानावळीत जाते हे कुणाला कळता कामा नये. शेजारची कामाक्षी तर हातातलं फूल तसंच धरून बसली होती.

ही गोष्ट गावातल्या मराठी मंडळाच्या पन्नास वर्षांच्या अंकात यायची होती. जननीचं नाव पहिल्यांदाच छापून येणार होतं.

या गुरुवारी जननीने तीच पुन्हा वाचली. आता पणजी तंजावरच्या राजवाड्यात स्वयंपाकावर देखरेख करत होती. हातात गोठ, समोर चांदीची पातेली. बायकांचे हात भराभर चालले. ढीग अर्ध्या तासात संपला.

"भाजी छान होईल," सुंदरक्का म्हणाली. "पणजीला राजवाड्यात कुणी नेलं?"

जननीने मान खाली घातली. "मंडळाचे हनुमंतरावमामा म्हणाले, बदललं तरच छापू."

"आणि तू चिंच टाकून दिलीस?"

"अक्का, माझं पहिलंच आहे हो."

"पहिलंच खोटं छापलंस, तर दुसरं खरं कुठून आणशील? जा, पणजीला स्टेशनवर परत आण."

संध्याकाळी सुंदरक्का स्वतः मंडळाच्या अध्यक्षांकडे, हनुमंतरावांकडे गेली. त्यांनी कॉफी दिली, मग भिंतीवरचा पगडीवाला पूर्वज दाखवला.

"अक्का, आपल्यात कुणी खानावळीत राबलं नाही."

"सगळेच पगडी घालून बसले होते, तर भात कोण शिजवत होतं?"

"पुण्याचे पाहुणे अंक वाचणार. काय म्हणतील?"

"भूक लागली तर जेवायला मागतील. तिची गोष्ट नसेल, तर अंकातली माझीही काढा."

"तुमच्या नावावर तर जाहिराती मिळाल्यात!"

"मग माझ्या पानावर साड्या छापा." कॉफी मात्र तिने पूर्ण प्यायली. कॉफीचा काय दोष?

अंक निघाला, जननीच्या गोष्टीशिवाय. सुंदरक्काच्या जागी साड्याच होत्या, चांगल्या जरीच्या.

समारंभाच्या सकाळी सुंदरक्का दोन पोती केळफुलं घेऊन सभागृहात हजर. पंगतीची भाजी तिच्याकडे होती. तिने बायकांना मागे स्वयंपाकघरात नाही, तर सभागृहातच सतरंजीवर बसवलं. पाहुण्यांचं भाषण संपताच जननीला पुढे ढकललं.

"कार्यक्रमपत्रिकेत हे नाही!" हनुमंतराव उठले.

"भाजीसुद्धा नाही त्यात. जेवायचं आहे ना? वाच गं."

जननीने वही उघडली. खानावळ आली, मोठं पातेलं आलं, मग चिंच आली. सतरंजीवरचा एक हात थांबला, मग दुसरा, मग सगळेच. पुढच्या खुर्चीतली राजेश्वरीआजी, हनुमंतरावांची नव्वदीची आई, काठी टेकत उभी राहिली. मनगटावरचा भाजल्याचा जुना डाग तिने सगळ्यांना दिसेल असा वर धरला.

"हिची पणजी सांबारावर," ती म्हणाली, "अन् मी शेजारी वड्यांवर. चिंच ती माझ्यासाठीपण आणायची."

हनुमंतरावांचा चेहरा उतरला. "आई, बस खाली. लोक बघतायत."

"बघू देत. इतकी वर्षं चुलीपुढे उभीच होते. आता बसून काय करू?" मग जननीकडे वळून, "थांबलीस का? पुढे वाच. मालकाचं नाव घातलंयस का? पगार बुडवायचा मेला."

"नाही, आजी."

"मग घाल!"

पंगत तासभर उशिरा बसली. भाजीत काड्या राहिल्या होत्या. पुण्याच्या पाहुण्यांनी त्या निमूटपणे पानाच्या कडेला काढून ठेवल्या.