रामटेके काकांची बावीस मतं

मत द्यायच्या दिवशी रामटेके काका इस्त्रीचा पांढरा शर्ट घालत. मत कसलं, तर बेसबॉलच्या खेळाडूला, आणि तेही ऑनलाइन. घरात लेकीचा लॅपटॉप असताना हे गृहस्थ दोन मैल चालत, अमेरिकेतल्या आमच्या कॅरी गावच्या लायब्ररीत जायचे. मी एकदा हसलो, तर म्हणाले, "मतदानाले घराबाहेर पडावं लागते बाप्पा. सोफ्यावर लोळून देते काय कोणी?"

काका नागपूरचे, पोस्टातून रिटायर झालेले. काकू गेल्यावर लेकीकडे, म्हणजे आमच्या शेजारी राहायला आले. त्यांना बेसबॉलचा नाद लागला तो माझ्यामुळे. माझ्या ऑफिसातल्या डेव्हचं एक हौशी मंडळ आहे. पोटापाण्यासाठी बेसबॉल खेळणाऱ्या अगदी पहिल्या पिढीतले विसरले गेलेले खेळाडू शोधायचे आणि दर वर्षी चाहत्यांच्या मतांनी एकाला आपल्या छोट्याशा 'हॉल ऑफ फेम'मध्ये घ्यायचं, एवढंच त्यांचं काम. मतदानाची वेबसाइट मी बांधून दिली होती आणि त्याचा मला बऱ्यापैकी माज होता. काकांना उमेदवारांची यादी दाखवली ती निव्वळ गंमत म्हणून.

त्यांनी यादीतला एक काळा कॅचर, म्हणजे बेसबॉलमधला यष्टिरक्षकच, धरला. उघड्या हातांनी चेंडू झेलून बोटं वाकडी झालेला. पुढे संघमालकांनी आपसात ठरवून काळ्यांना घेणं बंद केलं आणि तो घरी बसला. "खेळ येत नव्हता म्हणून नाही काढला," काका म्हणाले, "बाजूला बसवायचा नव्हता म्हणून काढला. हे मले पुस्तकातून शिकावं लागत नाही." मी मान डोलावली आणि विषय बदलला. अशा वेळी विषय बदलणं मला चांगलं जमतं.

एका वर्षी काकांनी जोरदार प्रचार केला. लायब्ररीत म्हाताऱ्यांचा इंग्रजी बोलण्याचा वर्ग भरे. तिथल्या चिनी आजीबाई, तेलुगू आजोबा, मेक्सिकोचा एक माळी, सगळ्यांना त्यांनी मोडक्यातोडक्या इंग्रजीत कॅचरची कहाणी ऐकवली. नात वैतागायची, "आजोबा, नोबडी केअर्स!" काका शांतपणे म्हणायचे, "म्हणून तर मी करून राहिलो माय. या देशात मले दुसरं कोणतंच मत नाही. हे एक आहे, ते तर नीट देऊ दे."

शेवटच्या दिवशी एकवीस जणांना घेऊन ते लायब्ररीत गेले. बावीस मतं पडली. कॅचर नऊ मतांनी हरला.

आठवड्यानं सहज नोंदी चाळताना मला माझीच चूक सापडली. कोणी लबाडी करू नये म्हणून मी एक नियम घातला होता: एका इंटरनेट कनेक्शनवरून आलेली मतं एकच धरायची. घरोघरी इंटरनेट असतं असं गृहीत धरणाऱ्या माणसालाच सुचावा असा नियम. लायब्ररीतली बावीस मतं एक म्हणून मोजली गेली होती.

डेव्हला एक ईमेल टाकली असती तर निकाल बदलला असता. पण विजेत्याचं नाव जाहीर झालं होतं, त्याच्या वंशजांना आमंत्रण गेलं होतं, अशी कारणं मी स्वतःला देत राहिलो. खरं कारण एकच, मला लाज वाटत होती. त्याच संध्याकाळी काका अंगणात भेटले.

"नऊच मतं कमी पडली रे. मोजण्यात काही चूक तर नसन झाली?"

"नाही काका. मी स्वतः चेक केलंय."

"मग झालं. तू पाहिलं म्हणजे बरोबरच असन."

दुसऱ्या दिवशी वर्गात जाऊन त्यांनी एकवीस जणांना तेच सांगितलं. मोजणी आपल्या पोरानं केली आहे, कोणी शंका घेऊ नका म्हणाले.

हिवाळ्यात काका हृदयविकारानं गेले. मी तो नियम गुपचूप काढून टाकला. पुढच्या मतदानाला लायब्ररीतली मंडळी काकांशिवाय आली आणि कॅचर निवडून आला. त्याच्या सन्मानाच्या कार्यक्रमात काकांच्या लेकीनं, सुजातानं, मला पुढे बोलावलं. "बाबा नेहमी म्हणायचे," ती माइकवर म्हणाली, "या मुलामुळे इथे आपलं मत नीट मोजलं जातं."

लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. मी तिच्या हातून फुलं घेतली आणि थँक यू म्हणालो.