बाबांच्या फाइलीत काही नाही

माझे वडील शिक्षक होते. पुण्याजवळ मांजरी गावाकडच्या एका शाळेत त्यांनी तीस वर्षं मराठी शिकवलं. पण शेतकऱ्यांच्या पोरांनी आपल्यालाच जास्त शिकवलं, असं ते म्हणायचे. ऊस, गुऱ्हाळ, पाटाचं पाणी, बैल, या सगळ्याचे शब्द ते जमवत. आधी मुलांना विचारत, मग मुलांच्या आजोबांना गाठायला वस्तीवर जात. पाठकोऱ्या कागदाच्या चिठ्ठीवर एक शब्द, खाली अर्थ, त्याखाली सांगणाऱ्याचं नाव. चिठ्ठ्या बुटांच्या खोक्यांत आणि खोकी पलंगाखाली.

निवृत्तीनंतर त्यांनी त्या सगळ्या कॉम्प्युटरवर चढवल्या. एका माजी विद्यार्थ्याने त्यांच्यासाठी छोटासा प्रोग्रॅम लिहून दिला होता. दोन बोटांनी टाइप करत बाबांना चार वर्षं लागली. पुढे आम्ही कात्रजच्या फ्लॅटमध्ये राहायला आलो तेव्हा खोकी ठेवायला जागा नव्हती. जागा होती, खरं तर. मला ती धूळ नको होती. "आता सगळं कॉम्प्युटरवर आहे ना बाबा, मग हा पसारा कशाला?" असं म्हणून मीच रद्दीवाल्याला बोलावलं. तो वजन करत होता तेव्हा बाबा बाल्कनीत जाऊन उभे राहिले.

काही वर्षांनी एका लहानशा प्रकाशकाने बाबांचा कोश छापायची तयारी दाखवली आणि फाइल मागितली. तोवर जुना कॉम्प्युटर बंद पडला होता, तो प्रोग्रॅम नव्या लॅपटॉपवर चालेना आणि विद्यार्थ्याचा पत्ता लागेना. उरली होती पेन ड्राइव्हवरची एक फाइल. मी हिंजवडीत सॉफ्टवेअरमध्ये वीस वर्षं काढलेली, हाताखाली बारा माणसं असलेली बाई. "हे तुझंच काम," म्हणून बाबांनी पेन ड्राइव्ह माझ्या हातात ठेवला.

काम सोपं होतं. अशा फाइलीत प्रत्येक नोंदीच्या सुरुवातीला आणि शेवटी एक खूण असते. ती शोधायला आयता कोड मिळतो, त्याला आम्ही लायब्ररी म्हणतो. लायब्ररीला खुणेचं नाव सांगायचं, की ती तशा सगळ्या नोंदींची यादी हातात देते. दहा ओळींचं काम. ते मी कंपनीच्या बसमध्ये, मांडीवर लॅपटॉप घेऊन केलं. बस वाकडच्या पुलापाशी नेहमीसारखी अडकली होती आणि पोहोचल्या पोहोचल्या माझी मीटिंग होती.

यादी रिकामी आली. पुन्हा चालवलं, पुन्हा रिकामी. फाइल नुसती उघडून पाहिली, तर मराठी अक्षरांच्या जागी आकडे आणि अर्धविराम, पानंच्या पानं. फाइल खराब झाली, मी ठरवून टाकलं. एवढी मोठी फाइल रिकामी कशी, हा प्रश्न मला पडला नाही. पडला असेल तरी मी त्याला थारा दिला नाही.

संध्याकाळी घरी येऊन चपला काढता काढता मी सांगितलं, "बाबा, फाइलीत काही नाही. एकही नोंद नाही."

"नीट बघितलंस ना?"

"बाबा, मी हेच करते. वीस वर्षं."

त्यांनी चष्मा काढून पुसला. "तू म्हणतेस तर नसेल," म्हणाले. मला त्यात टोमणा ऐकू आला आणि राग आला. आता वाटतं, टोमणा नव्हताच. त्यांनी खरोखर माझ्यावर विश्वास ठेवला होता. दुसऱ्या दिवशी त्यांनी प्रकाशकाला फोन करून सांगितलं, तुम्ही आमच्यासाठी थांबू नका, आमच्याकडे द्यायला काही उरलेलं नाही.

त्यानंतर ते सकाळी बाहेर पडू लागले. कुठे जाता विचारलं तर म्हणायचे, "फिरायला. डॉक्टरांनी सांगितलंय." परत येईपर्यंत दुपार व्हायची. एवढं कसलं फिरणं, हे विचारायला मी घरी असायचे कुठे!

एप्रिलमध्ये ते हडपसरला बसस्टॉपवर कोसळले. उन्हाने, असं डॉक्टर म्हणाले. दोन दिवस काढले आणि गेले.

त्यांच्या पिशवीत पाण्याची बाटली, टोपी आणि एक दोनशे पानी वही होती. पहिल्या पानावर लिहिलं होतं, 'शब्द, पुन्हा.' मी आईकडे पाहिलं. तिला सगळं ठाऊक होतं. कात्रजहून बस, हडपसरला बस बदलायची, मांजरीला उतरायचं, आणि नव्या सोसायट्यांच्या आडून उरलेल्या वस्त्यांवर चालत जायचं. जुनी माणसं बरीचशी गेलेली. उरलेल्यांपैकी एक जण म्हणाला होता, "गुर्जी, समदं तर दिलंय की तुमास्नी मागं. आता कुटं ध्यानात हाय?" हे आईला बाबांनीच हसत सांगितलं होतं.

"मला का नाही सांगितलंस?"

"नको म्हणाले. तिने एवढी खटपट केली, तिला वाईट वाटेल म्हणाले."

खटपट. बसमधली पंधरा मिनिटं.

जूनमध्ये ऑफिसात टीममधल्या एका मुलीचं काम अडलं. "मॅम, सर्च एम्प्टी येतोय. क्लायंटने ब्लँक फाइल पाठवलीये बहुतेक."

मी मागून तिच्या स्क्रीनकडे एकदाच पाहिलं. "ब्लँक नाहीये. पहिली ओळ वाच. नेमस्पेस दिलाय वरती. तो लावल्याशिवाय नोंद कशी सापडेल?"

नेमस्पेस म्हणजे खुणांचं आडनाव म्हणा. फाइलीच्या पहिल्या ओळीत ते एकदा लिहिलं, की आतल्या प्रत्येक खुणेला ते लागू होतं. मग नुसत्या नावाने हाक मारली तर एकही खूण ओ देत नाही. आणि लायब्ररी तुम्हाला चूक झाली असं सांगत नाही. ती शांतपणे रिकामी यादी देते, खरोखर काही नसतं तेव्हा देते तशीच. आमच्या धंद्यातल्या प्रत्येकाने एकदा तरी खाल्लेली ठेच आहे ही. मी नव्या मुलांना पहिल्या आठवड्यात शिकवते.

"थँक्यू मॅम," ती म्हणाली. मी जागेवर जाऊन माझा लॅपटॉप उघडला.

बाबांची फाइल माझ्या लॅपटॉपवर होतीच. पहिली ओळ वाचली. आडनाव तिथे होतं, ठळक, कुणालाही दिसेल असं. ते लावून पुन्हा शोधलं आणि स्क्रीन भरून गेली. पाचट, वाढे, चिपाड, काहील, खोडवा, गुळव्या. आकड्यांची पुन्हा मराठी अक्षरं झाली होती. तेही लायब्ररी आपणहून करते, आणि तेही मला माहीत होतं. एकही नोंद गेलेली नव्हती. मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले. रडल्याने काही हलकं झालं नाही, आजही होत नाही.

प्रकाशक पुस्तक काढतो आहे. आई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, मुलीने हार मानली नाही हो, शोधून काढलं शेवटी. मी ऐकून घेते. तिला खरं सांगायची हिंमत मला झालेली नाही, आणि होईल असं वाटत नाही.

परवाच्या रविवारी मी वही घेऊन बसले. वाटलं, निदान त्या पायपिटीतून दोन-चार नवे शब्द आले असतील, ते पुस्तकात घालू, म्हणजे ती फुकट जाणार नाही. एकेक शब्द फाइलीत शोधत गेले. प्रत्येक शब्द होता, वहीतल्यापेक्षा नेटक्या अर्थासकट. एकही नवा नव्हता.

वहीतली शेवटची नोंद ते कोसळले त्याच्या आदल्या दिवशीची आहे. अक्षर हललेलं आहे. 'आदण: गुऱ्हाळात एका वेळी काहिलीत चढवलेला रस. उतरायला किती वेळ? आठवत नाही. उद्या जाऊन विचारणे.'

फाइलीत त्यांनीच लिहून ठेवलं आहे: अडीच ते तीन तास, जळणाचं चिपाड ओलं असेल तर जास्त.