दोघांपुरती गाडी

लग्न झालं आणि थोड्याच महिन्यांत आमचे हे डॉक्टरकीच्या पुढच्या शिक्षणासाठी विलायतेला गेले. मी रत्नागिरीत सासूबाईंजवळ राहिले. ते परत आले तेव्हा आम्ही नवराबायको असूनही एकमेकांना जवळजवळ परकेच होतो. बंदरावर पडावातून त्यांचं सामान उतरलं, त्यात चामड्याची एक उंच पिशवी होती. तिच्यातून लोखंडी टोकांच्या काठ्या डोकावत होत्या.

"एवढ्या छत्र्या कशाला आणल्यास रे?" सासूबाईंनी विचारलं.

"छत्र्या नव्हेत, आई. गोल्फ खेळायच्या काठ्या आहेत."

पाऊस सरला की गावावरच्या सड्यावर, त्या उघड्या माळावर, गवत माजायचं. ते कापून तिथे साहेबलोकांनी खेळापुरती जागा केली होती. दवाखाना आटोपला की हे पिशवी खांद्याला अडकवून तिकडे चालू लागत. मी माडीच्या खिडकीतून बघत राहायची. चढावरचं काजूचं झाड ओलांडलं की ते दिसेनासे होत. घरात सतत माणसांची ये-जा, त्यामुळे दिवसा आमचं बोलणं म्हणजे "पान वाढलंय" आणि "आलो" एवढंच. इतकी वर्षं ज्यांची वाट पाहिली ते घरी आले होते, आणि माझं वाट पाहणं काही संपलं नव्हतं.

व्हिजिटींना बैलगाडीतून जाण्यात यांचा फार वेळ मोडायचा. म्हणून मोटार घ्यायचं ठरलं. मुंबईच्या दुकानातून चित्रांची पुस्तकं येऊ लागली. एकदा यांनी मला हाक मारून एक चित्र दाखवलं. उघडी, बुटकी, लांब नाकाची मोटार. दाराच्या मागे, कुशीत, आणखी एक चिमुकलं दार.

"हे बघ, यातून काठ्यांची पिशवी आडवी आत सरकते. पाऊस आला तर टप वर ओढायचा."

"आणि माणसं किती बसतात?"

"दोन."

तांदूळ धुताना, निवडणं करताना, दिवसभर मला तो 'दोन' ऐकू येत होता.

मोटार बघायला मुंबईला जायचं ठरलं तेव्हा सासूबाई आपण होऊन म्हणाल्या, "हिला घेऊन जा. पोरीनं इतकी वर्षं काढली, जरा मुंबई तरी बघू दे." त्या वेळी त्यांच्या पाया पडावंसं वाटलं मला. आगबोटीतून आम्ही निघालो तर यांनी काठ्यांची पिशवीही बरोबर घेतली. मोटारीत बसते की नाही ते बघायला नको?

दुकानातले पारशी गृहस्थ मोठे अदबशीर. त्यांनी दोन गाड्या दाखवल्या. दोन्हींचे टप मागे पडणारे. एक लांबरुंद, चौघांची. पण तिच्यात पिशवी ठेवायची तर मागच्या सीटवर. दुसरी ती चित्रातली, गर्द हिरवी. यांनी कोट काढला आणि स्वतःच पिशवी त्या कुशीतल्या दारातून आत सरकवायला घेतली. एक लांब काठी अडली. उलटी करून बघितली, तिरकी केली, आणि शेवटी पिशवी सुळकन आत गेली. यांचा चेहरा असा फुललेला मी प्रथमच पाहत होते.

मग मात्र त्यांचा विचार डळमळला. दोन्ही गाड्यांमध्ये येरझारा घालू लागले.

"मोठीच घ्यावी का? आई आहे. पुढे मुलंबाळं होतील." आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "तुला काय वाटतं?"

मला काय वाटतं, हे तोवर लुगड्याच्या रंगाबद्दलसुद्धा कुणी विचारलं नव्हतं. पारशी गृहस्थ शहाणे, ते छताचा पंखा न्याहाळू लागले.

"हीच," मी हिरवीला हात लावून म्हटलं.

"का?"

खरं कारण जिभेवर येईना. "काठ्या नीट बसतात," म्हटलं.

हे क्षणभर माझ्याकडे बघत राहिले आणि त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

पुणे, कोल्हापूर करत आम्ही मोटारीनं परत निघालो. आंबा घाटाच्या माथ्यावर यांनी टप पाडला. गार वारा अंगावर आला, पदर हातात ठरेना. त्या उतारावर हे जेवढं बोलले, तेवढं आधी किंवा नंतर कधी बोलले नाहीत. तिकडची थंडी, उकडलेले बटाटे, खोलीतला एकटेपणा.

"रात्री तुझा चेहरा आठवून बघायचो, तर आठवायचाच नाही," ते म्हणाले. "तुझा एखादा फोटो का नव्हता गं?"

"कुणी काढलाच नाही."

हातखंब्याला यांनी गाडी थांबवली आणि टप चढवला. "आता ओळखीची माणसं भेटतील," असं म्हणून हसले. मी पदर डोक्यावर घेतला. तिथून घर यायला फार वेळ लागला नाही.

पुढे गाडीतल्या त्या दुसऱ्या सीटवर बहुतेक कंपाउंडर बसायचा, मांडीवर औषधांची पेटी घेऊन. माझ्या वाट्याला क्वचित एखादा रविवार यायचा. सड्यावर सामसूम असली की हे माझ्या हातात काठी देत. एकदा नऊवारी सावरत मी असा फटका मारला, की चेंडू तिथेच आणि जांभ्याच्या तांबड्या मातीची ढेकळं उडाली. हे गवतावर बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. खाली समुद्र चकाकत होता. घरी जाऊच नये असं वाटत होतं मला.

दुसऱ्या पावसाळ्यात हातखंब्याच्या पलीकडच्या एका गावातून बोलावणं आलं. बाई अडली होती. हे एकटेच गेले. तिला इस्पितळात आणणं भाग होतं, आणि गाडीत जागा तिच्यापुरतीच. तिच्या आईला पावसात मागेच उभं ठेवून यांना निघावं लागलं. बाई सुटली, बाळ-बाळंतीण सुखरूप राहिली. आई मात्र डोक्यावर इरलं घेऊन चालत चालत दुसऱ्या दिवशी पोचली, चिखलानं माखलेली. हे तिच्यापुढे अवघडून उभे राहिले, तर तीच म्हणाली, "गाडीत जागाच नाय, तुमी तरी काय करनार?"

त्या दिवशी यांना जेवण गेलं नाही.

"गाडी बदलायला हवी," ते म्हणाले.

"हो," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार? त्यांचं बरोबरच होतं.

हिरवी गाडी कोल्हापूरचे एक हौशी गृहस्थ घेऊन गेले. मोठी, बंद गाडी आली. तिच्यातून रोगी आले, त्यांच्या आया आल्या, बहिणी आल्या. आमची मुलं झाली, तीही तिच्यातच वाढली. काठ्यांची पिशवी माळ्यावर गेली. दवाखाना इतका वाढला की सड्यावर जायला यांना सवड उरली नाही. सणावाराला आम्ही सगळे देवदर्शनाला निघायचो. पुढे यांच्याशेजारी थोरला मुलगा, मागे सासूबाई, मी आणि धाकटी दोघं.

एकदा वेळणेश्वराहून परतताना मुलं पेंगली होती, सासूबाई जपमाळ ओढत होत्या. मागून मला यांची मान दिसत होती. कॉलरच्या वरचे केस पिकायला लागले होते. ते कधी पिकले, मला कळलंच नव्हतं. हात पुढे करून तिथे ठेवावा असं फार वाटलं. पण मांडीवर धाकटीचं डोकं होतं, आणि शेजारी सासूबाई होत्या.