आरशातला शेवट

कोपऱ्यावरच्या सलूनवाल्या काकांना दोन गोष्टींचा अभिमान होता. एक, वडिलांनी बसवलेला या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंतचा आरसा. दुसरी, स्वतःचं तोंड. वस्तऱ्याच्या जोडीने त्यांचं तोंडही चालायचं, आणि दोन्हींनी आजवर कुणाला जखम केलेली नाही असं ते छातीठोकपणे सांगायचे. वस्तऱ्याचं एक वेळ खरं होतं. तोंडाचं मात्र त्यांच्या लेकीला विचारायला हवं होतं.

लेक त्यांच्याच हाताखाली शिकली आणि बघता बघता हाताने त्यांच्यापेक्षा हलकी निघाली. इथवर ठीक होतं. पण एक दिवस ती म्हणाली, "बाबा, आपण एक खुर्ची बायकांसाठी ठेवू या. मी बघते ती." झालं. उचलली जीभ लावली टाळ्याला. काका भर गिऱ्हाइकांत म्हणाले, "या दुकानात कात्री एकच चालणार, माझी." लेकीने आपला कंगवा उचलला, दुसऱ्या शहरातल्या मोठ्या सलूनमध्ये नोकरी धरली, आणि त्याला आता दोन वर्षं होत आली होती. चूक झाली हे काकांना त्याच संध्याकाळी कळलं होतं. पण पडलो तरी नाक वर, हा त्यांचा जन्माचा बाणा.

बापलेकीत बोलायला एकच विषय उरला होता, आणि तो म्हणजे दर गुरुवारी संध्याकाळी लागणारी ती गाजलेली मालिका. घर सोडून गेलेल्या एका मुलीची गोष्ट. पेपरवाले तिला डोक्यावर घेऊन नाचत होते. भाग संपला की काका फोन लावायचे. "बघितलास?" "बघितला." मग पाऊण तास दोघं त्या मुलीच्या आईला, मामाला आणि घरमालकाला नावं ठेवत. जेवलीस का, बरी आहेस का, हे मालिकेच्या आडूनच विचारायचं. काकू शेजारी बसून ऐकायच्या आणि कपाळावर हात मारायच्या.

काकांच्या घरात टीव्ही नव्हता. "घरात एक अखंड चालू असतो, दुसरा कशाला?" असं काकू म्हणायच्या. टीव्ही दुकानात होता. समोरची भिंत आरशाने खाल्लेली, त्यामुळे तो मागच्या भिंतीवर, बाकाच्या वर टांगलेला. खुर्चीतलं गिऱ्हाईक, बाकावरची मंडळी आणि खुद्द काका, सगळे तो आरशातच बघायचे. कुणी नवखा मान वळवून थेट बघायला गेलाच, तर काका त्याचं डोकं दोन्ही हातांनी धरून सरळ करायचे. "मान हलवू नका. कान तुमचा आहे, पण नाव माझं खराब होईल." उलटी पडलेली अक्षरंसुद्धा जुनी गिऱ्हाइकं सवयीने वाचून टाकायची.

त्यातले सगळ्यात जुने म्हणजे निवृत्त ड्रॉइंगमास्तर. डोक्यावर केस बेताचेच, पण गुरुवारी दाढीला हजर.

"ही कला नव्हे," साबण लावलेल्या तोंडाने मास्तर सुरू व्हायचे. "मधे साबणाच्या जाहिराती लागतात, त्याला कला म्हणतात होय?"

"साबण तर तुमच्याही तोंडाला लागलाय मास्तर. मग तुम्हाला काय म्हणायचं?"

"विनोद सोडा. खरी परीक्षा शेवटाला असते. शेवटी सगळ्यांना गळ्यात गळे घालायला लावलं, की ती मिठाई झाली. माणूस घरी जाताना अस्वस्थ झाला पाहिजे, ती कला."

"असं कसं? मी तुमची अर्धीच दाढी करून सोडली, तर तुम्ही अस्वस्थच जाल घरी. ती कला का?"

मास्तर हसले नाहीत. कारण वस्तरा तेव्हा गळ्याशी होता.

शेवटच्या भागाच्या आदल्या आठवड्यात मालिकेतल्या आईने मुलीला फोनवर सांगितलं होतं, "फाट्यावर उतर. उजव्या हाताला वळलीस की घर. डाव्या हाताला स्टेशन. पुढे तुझी मर्जी." शेवटच्या गुरुवारी दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. ती मुलगी फाट्यावर उतरली. आपल्याकडे पाठ करून उभी राहिली. बराच वेळ उभी राहिली. काकांचा हात मास्तरांच्या गालावर थबकला होता. मग ती एक शब्दही न बोलता वळली, उजवीकडे, आणि चालू लागली. मालिका संपली.

काका ओक्साबोक्शी रडले. हातातला वस्तरा आधी खाली ठेवला, एवढं भान मात्र त्यांना होतं.

"घरी गेली!" ते म्हणाले. "मास्तर, याला म्हणतात कला!"

"याला म्हणतात मिठाई," मास्तर म्हणाले, पण डोळे त्यांनीही टिपले. साबण गेला होता म्हणे.

काकांनी फोन लावला. "बघितलास? घरी गेली शेवटी!"

"घरी कुठे?" लेक म्हणाली. "स्टेशनकडे गेली की. उत्तम शेवट केला."

"मी माझ्या डोळ्यांनी बघितलं! आणि दुकानातले सगळे साक्षीला आहेत."

"बाबा, तुम्हाला हवं तेच दिसतं तुम्हाला. पहिल्यापासून." तिने फोन ठेवून दिला.

त्या रात्री काका जेवले नाहीत. मालिका संपली, आता पुढच्या गुरुवारी फोन कशासाठी करायचा? सकाळी पेपर आला, तर त्यातही मोठ्या अक्षरांत हेच, की घराकडे पाठ फिरवण्याचा धाडसी शेवट. "हा पेपरवाला झोपला होता!" बाकावरून एकमुखाने निकाल लागला. मास्तर तर पेपरला पत्र लिहायला निघाले. अख्खं गाव एकीकडे आणि कोपऱ्यावरचं सलून एकीकडे, असे चार दिवस गेले. एरवी काकांना अशा भांडणाने बाळसं चढायचं. यावेळी ते वाळत चालले होते.

शेवटी काकूंनीच दुकानात येऊन फोन लावला आणि त्यांच्या कानाला धरला. पलीकडे लेक होती.

"उजवीकडेच गेली ती," काका हळूच म्हणाले.

"बाबा..." लेकीला एकदम काहीतरी आठवलं. "टीव्ही अजून मागच्या भिंतीवरच आहे ना?"

"मग कुठे जाणार तो?"

"आणि तुम्ही बघता कुठे?"

काकांनी समोर पाहिलं. आरशात टीव्ही होता, आणि त्याच्याखाली तोंड उघडं टाकलेले मास्तर. पलीकडे लेकीला हसू फुटलं, थांबता थांबेना. दोन वर्षांनी काका ते हसणं ऐकत होते. पेपरवाला, गाव, सगळे बरोबर ठरले आणि आपण गाढव, याचं त्यांना काही म्हणजे काही वाटलं नाही.

"असू दे," ते म्हणाले. "माझ्या आरशात ती घरी आली. तुला पटत नसेल तर इथे बसून बघ." आणि मग, जे मालिकेच्या आडून कधी म्हणता आलं नाही, ते एकदाचं बाहेर पडलं. "चुकलं माझं, बाळ. ये."

रविवारी ती आली. शेवटच्या भागाचं पुनःप्रक्षेपण होतं. ती खुर्चीत बसली, आणि मालिकेतली मुलगी तिच्या डोळ्यांदेखत उजवीकडे वळून घरी गेली.

"म्हणजे खरा शेवट स्टेशनचाच," बाकावरून मास्तर म्हणाले. "मग मला मान्य. ही कला आहे."

"तुमची कला तुम्हाला लखलाभ," काका म्हणाले. "मला माझी मिठाई पुरे."

लेक खुर्चीतून उठली. काकांनी कात्री तिच्यापुढे धरली आणि तिने सोडलेल्या खुर्चीत स्वतः बसले. तिने कापड गळ्याभोवती बांधलं, कंगवा काढला. आपला कंगवा तिने बरोबर आणला होता. काका तिच्याकडे बघायला मागे वळले, तोच तिने त्यांचं डोकं दोन्ही हातांनी धरून सरळ केलं.

"मान हलवू नका," ती म्हणाली. "काय बघायचं ते आरशात बघा."