शाईची हजेरी

दादरा-नगर हवेलीत, सिल्वासाच्या आसपासच्या शाळांत मी नोकरीची बरीच वर्षं काढली. त्यातलं एक वर्ष मी कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही.

ऐंशीच्या दशकाचा शेवट होता. शाळा मसाटच्या बाजूच्या एका गावात, सरकारी, मराठी माध्यमाची, पहिली ते चौथी. मी कोकणातून नवा आलेला, सगळ्यांत धाकटा शिक्षक. मसाटला कारखान्यांच्या शेड एकामागून एक उभ्या राहत होत्या आणि आमचे वर्ग बदलत होते. दरवर्षी पत्रकात मुलं रकान्यांत मांडावी लागत : मुलगे, मुली, आदिवासी, इतर. पूर्वी ‘इतर’च्या रकान्यात तलाठ्याचा मुलगा आणि दुकानदाराच्या दोन मुली एवढीच नावं असत. आता धुळे-जळगावकडून आलेल्या कामगारांची मुलं त्यात मावेनात. चाचणीत तीच पुढे असायची. पाड्यावरच्या वारली मुलांना पुस्तकातली मराठी परकी होती. ती मागच्या बाकांवर सरकत, आणि दिवाळीनंतर दिसेनाशी होत. सकाळी एक टेम्पो पाड्याच्या वाटेवर थांबायचा, कारखान्यात मजूर न्यायला. त्यात दप्तराच्या वयाची मुलंही असत.

पट, म्हणजे मुलांची संख्या, ठरल्यापेक्षा खाली गेला की शाळेतला एक शिक्षक कमी व्हायचा. तो मीच असणार होतो.

“गुरुजी,” हेडमास्तर हसत म्हणायचे, “पट घसरला तर तुम्ही थेट डोंगरात. तिकडे वाघांची बाराखडी घ्यायची!”

हसण्यात मीही सामील व्हायचो. माझं लग्न नुकतंच झालं होतं, सिल्वासाला लागून असलेल्या आमलीत खोली घेतली होती.

म्हणून आमच्या शाळेत हजेरी पेन्सिलने भरायची पद्धत होती. सकाळीच, आलेल्या-न आलेल्या सगळ्यांच्या नावापुढे हजेरीची तिरकी रेघ ओढायची. महिनाअखेर सरासरी जुळली की त्यावरून शाई फिरवायची. कुणी ती चोरी मानत नव्हतं. सगळेच करत होते, आणि मुलं गैरहजर दाखवून कुणाचं भलं होणार होतं?

माझ्या चौथीत पाड्यावरची एक मुलगी होती. वाचताना अडखळायची, पण तोंडी हिशोबात कामगारांच्या मुलांनाही मागे टाकायची. मी उत्तर फळ्यावर लिहायच्या आत ती ते पुटपुटलेली असायची. दिवाळीनंतर ती आली नाही. एका सकाळी मी सायकलवरून येताना टेम्पो शेजारून गेला. मागे ती फळीला धरून उभी होती. तिने मला पाहिलं आणि मान खाली घातली, पाढा चुकल्यावर घालायची तशी. शाळेत पोचून मी तिच्या नावापुढे रेघ ओढली. पुढे रोज ओढत गेलो. जानेवारीच्या चाचणीचे गुणही मीच भरले. गणितात चांगले दिले. तेवढा प्रामाणिकपणा केल्यासारखं वाटलं होतं.

फेब्रुवारीत एका मंगळवारी, हजेरी भरायच्या आधीच, तिची आई शाळेच्या पायरीशी येऊन उभी राहिली. बरोबर तिचा दीर होता.

“मास्तर, पोर शनवारपासून घरी नाय आली. टेम्पोत गेली ती गेलीच. मुकादम बोलतो, आमच्याकडं कामाला नव्हतीच.”

“चौकीवर गेलात?”

“गेलो ना,” दीर म्हणाला. “जमादार बोलला, शाळेची पोर हाय, शाळेत इचारतो.”

ती दोघं बाहेर बसली. हेडमास्तरांनी मला आत घेतलं, दार लोटलं आणि हजेरीपट माझ्यापुढे सरकवला.

“रविवारी सुट्टी. शनिवारी, सोमवारी रेघ आहे?”

“आहे. पेन्सिलची.”

“खोडलीत तर सगळा महिना खोडावा लागेल. मग सगळं वर्ष. मग आपण दोघं.” त्यांनी दौतही पुढे केली. “पोरगी येईल हो घरी. गेली असेल मामाकडे. शाई फिरवा.”

खोडरबर टेबलावरच होता. तो मला दिसत होता. मी दौत उघडली. पहिल्या रेघेवर शाई जरा पसरली, नंतरच्या सरळ आल्या.

जमादार दुपारी आला. हजेरीपट पाहून त्याने समाधानाने मान हलवली. “सोमवारपर्यंत हजर. म्हणजे शाळेतून घरी जाताना काहीतरी झालं. वाट नदीवरून जाते ना?”

“ती टेम्पोत जायची, सायेब!” आई ओरडली. मग माझ्याकडे वळली. “मास्तर, तुमी पाह्यलंय तिला. तिनं सांगितलं मला, मास्तर दिसले म्हनून. सांगा ना.”

सगळे माझ्याकडे पाहत होते. जमादारसुद्धा, क्षणभर.

“वहीत हजर आहे,” मी म्हणालो.

माझा जबाब झाला. मी सही केली. कारखान्याच्या फाटकाशी कुणी विचारायला गेलं नाही, कारण विचारायला कारण उरलं नव्हतं. दोन दिवस गाव दमणगंगेचा काठ धुंडाळत होतं. मीही गेलो. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, हातात बांबू घेऊन मी डोहात चाचपडत होतो, जिथे ती नाही हे त्या काठावर मला सगळ्यांपेक्षा जास्त ठाऊक होतं. तिचं नाव घेऊन हाकाही मारल्या. तिची आई नदीवर आली नाही. ती मसाटच्या रस्त्यावर, फाटकांकडे तोंड करून बसली होती. टेम्पो तिला वळसा घालून आत जात होते.

मुलगी सापडली नाही. तिचं काय झालं ते मला आजही माहीत नाही. यंत्रात हात गेला, की कुणी दुसऱ्या गावी नेली, की आणखी काही. विचारायची वेळ होती तेव्हा मी तो प्रश्नच शाईने बुजवला. त्या वर्षी वर्गाचा निकाल चांगला लागला. माझी जागा राहिली.

जूनमध्ये पटनोंदणीसाठी पाड्यावर जावं लागलं. घरोघरी मला पाहताच बायका मुलांना आत घेत होत्या. तिच्या घराच्या ओट्यावर धाकटी बहीण खेळत होती, सहा वर्षांची. आई दारात उभी राहिली. रडली नाही, शिवीही दिली नाही.

“हिचं नाव नको लिवू,” ती म्हणाली. त्या दिवशी तिने मला पहिल्यांदाच अरेतुरे केलं. “तुझ्या वहीत हजर झालेलं पोर मग कुनीच शोधत नाय.”

मी बरं म्हणालो आणि निघालो. पाड्यातून त्या वर्षी एकही नाव मिळालं नव्हतं, आणि हेडमास्तर वाट पाहत होते. वाटेवरच्या आंब्याखाली मी सायकल लावली, वही मांडीवर घेतली आणि धाकटीचं नाव लिहिलं. पहिली, मुलगी, आदिवासी.